चित्रविद्येचा मेळा

तालमीतल्या वस्तादाची एक जुनी गोष्ट आपल्याकडे सांगतात. वस्तादाने आपल्या पट्टशिष्याला सगळे डाव शिकविले, पण एक डाव स्वतःजवळ राखून ठेवला. पुढे तोच शिष्य गर्वाने फुगून गुरूशी कुस्ती धरावयास उभा राहिला, तेव्हा त्या राखलेल्या डावाने वस्तादाने त्याला चीत केले. गोष्ट ऐकून आपण वस्तादाच्या दूरदृष्टीला मान डोलावतो. परंतु तो वस्ताद वारला तेव्हा त्या डावाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मला हा प्रश्न पडला तो एका निराळ्याच मेळ्याची हकीकत वाचताना. हा मेळा संगणकाच्या साहाय्याने चित्रे काढणाऱ्यांचा आहे. पडद्यावर तुम्ही जे बोलके प्राणी आणि चालती-बोलती खेळणी पाहता, किंवा संगणकावरील खेळांत जी अरण्ये आणि नगरे हिंडता, ती घडविणारी मंडळी येथे जमतात. 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' ही संगणकशास्त्रज्ञांची संस्था अमेरिकेत 1947 साली स्थापन झाली. तिच्या चित्रविभागाला 'सिग्राफ' म्हणतात. या विभागाने आपली पहिली परिषद 1974 साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या गावी भरविली, तेव्हा सुमारे 600 माणसे आली होती. 1997 साली लॉस एंजेलिस येथे हाच आकडा 48,000 च्या वर गेला. 2008 पासून आशिया खंडातही अशी परिषद भरू लागली. तिचा आरंभ सिंगापूरला झाला.

आपल्या मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यास भरले होते, हे तुम्हांस ठाऊक असेल. लेखकांनी एकत्र यावे, यात नवल ते काय? लेखकाचे पुस्तक तर सर्वांसमोर उघडेच असते. पण जे कारखानदार एकाच बाजारात एकमेकांशी झुंजतात, त्यांच्या माणसांनी एका सभागृहात बसून आपापल्या युक्त्या एकमेकांना सांगाव्यात, हे मात्र नवल खरे. सिग्राफमध्ये दिवसा निबंध वाचले जातात, शिकवणीचे वर्ग चालतात, यंत्रांचे प्रदर्शन मांडले जाते, आणि वर्षभरातील निवडक ॲनिमेशनपट मोठ्या पडद्यावर दाखविले जातात. प्राध्यापक येतात, विद्यार्थी येतात, तसे चित्रपट आणि खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांचे लोकही येतात. निबंध निवडण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. निबंध कोणाचा, हे परीक्षकांना कळू दिले जात नाही. मोठ्या कंपनीचा तज्ज्ञ असो की महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी असो, त्याच्या लेखणीतून जे उतरले त्यावरच निवाडा होतो. आणि निबंधात नुसता परिणाम सांगून भागत नाही; तो कसा साधला, हे दुसऱ्याला करून पाहता येईल इतके स्पष्ट लिहावे लागते. सगळेच गुपित उघड होते असे मी म्हणणार नाही. कंपन्या पुष्कळ गोष्टी झाकूनही ठेवतात. तथापि जे उघड झाले त्याने काय काय घडले, ते पाहू.

लॉरेन कार्पेंटर नावाचा एक तरुण सिॲटल शहरात बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीत संगणकावर काम करीत असे. विमानांची चित्रे संगणकावर काढता येत होती. पण त्या विमानांच्या पाठीमागे डोंगर दाखवावयाचे असले, तर पंचाईत होई. विमानाचे अंग गुळगुळीत असते, ते थोड्या रेषांत बसते. डोंगराचे तसे नाही. त्याचा प्रत्येक कंगोरा हाताने सांगू लागलो तर आयुष्य पुरणार नाही. अशा वेळी मँडेलब्रॉट या गणितज्ञाचा 1977 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ कार्पेंटरच्या हाती पडला. त्यातील मूळ विचार तुम्हांलाही समजेल. फ्लॉवरच्या गड्ड्याचा एक तुरा मोडून हाती घ्या. तो धाकट्या गड्ड्यासारखाच दिसतो. त्या तुऱ्याचाही लहान तुरा तसाच. सह्याद्रीच्या कड्यावरून निखळलेला एखादा दगड जवळून पाहिला, तर त्यालाही कडे आणि घळी असल्याचा भास होतो. निसर्गातील कितीतरी वस्तू अशा आपल्याच आकाराची पुनरावृत्ती करीत असतात.

कार्पेंटरने यावरून युक्ती काढली. एक मोठा त्रिकोण घ्यावा. त्याच्या प्रत्येक बाजूचा मध्य शोधून तो थोडा वर किंवा खाली सरकवावा. किती सरकवावयाचा ते दैवावर, म्हणजे फाशांसारख्या योगायोगावर, सोपवावे. ते मध्य जोडले की एका त्रिकोणाचे चार होतात. त्या चारांवर पुन्हा तीच क्रिया केली की सोळा. असे करीत गेले की सपाट त्रिकोणातून खडबडीत पर्वत उभा राहतो, आणि एकही कंगोरा हाताने काढावा लागत नाही. या रीतीने त्याने डोंगरांवरून उडत जाण्याचा दोन मिनिटांचा चित्रपट तयार केला. त्या काळच्या संगणकाला एकेक चित्र काढावयास 20 ते 40 मिनिटे लागत.

1980 साली सिग्राफ सिॲटललाच भरली. कार्पेंटरने आपला निबंध सांगून चित्रपट दाखविला, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. पुढल्या रांगेत लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेचे एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ बसले होते. त्यांनी त्याला तत्काळ आपल्याकडे नोकरीस बोलाविले. खरे सांगावयाचे तर कार्पेंटरच्या मनातही हेच होते! 1982 साली 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटात एक ओसाड गोल पाहता पाहता डोंगरदऱ्यांनी सजतो, असे दृश्य आले. ते याच युक्तीचे फळ होते. परंतु माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट त्याच वर्षी घडली. विद्यापीठांत याच वाटेने निघालेले फोर्निए आणि फसेल हे दोन अभ्यासक होते. त्यांच्यासह कार्पेंटरने ही सारी रीत एका निबंधात लिहून छापली. आता हा डाव कोणालाही खेळता येणार होता.

केन पर्लिन याची कथाही याच जातीची. 1982 च्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामात तो होता. संगणकाची चित्रे फारच चकचकीत आणि निर्जीव दिसतात, ही गोष्ट त्याच्या मनाला खटकत राहिली. संगमरवराच्या शिरा, ढगांचे पुंजके, लाटांची चुळबुळ यांत एक प्रकारची अव्यवस्था असते, पण ती बेताची असते. अशी बेताची अव्यवस्था उत्पन्न करणारे गणित त्याने रचले आणि 1985 च्या सिग्राफमध्ये सर्वांपुढे ठेवले. 1997 साली ऑस्कर देणाऱ्या संस्थेने त्याला तंत्रविषयक पुरस्कार दिला. तुमच्यापैकी ज्यांनी 'माइनक्राफ्ट' हा खेळ खेळला असेल, त्यांनी पर्लिनचे गणित न कळत पायांखाली तुडविले आहे. त्यातील टेकड्या त्याच गणिताच्या आधाराने उभ्या राहतात.

खेळ करणाऱ्यांची अडचण चित्रपट करणाऱ्यांहून बिकट असते. चित्रपटातील एका चित्रासाठी संगणकाला तासन् तास देता येतात. खेळात मात्र तुम्ही मान वळविली की नवे चित्र लागलीच हवे; सेकंदाला 60 चित्रे म्हटली, तर एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भागच येतो. 2009 पासून सिग्राफमध्ये अशा कामाचा वेगळा कार्यक्रम होतो. त्यात आधी तयार करून आणलेली फीत चालत नाही. हजारोंच्या देखत रंगमंचावर यंत्र चालवून दाखवावे लागते. यंत्र रुसले तर फजितीही सर्वांदेखत.

आता एका दिव्याची गोष्ट सांगतो. 1986 साली डॅलस येथील सिग्राफमध्ये पिक्सार या नव्या संस्थेचा 'लक्सो ज्युनियर' हा अवघ्या दोन मिनिटांचा चित्रपट दाखविला गेला. त्यात माणूस नाही, प्राणी नाही. मेजावरचे दोन दिवे, एक थोरला व एक धाकटा, आणि एक चेंडू. धाकटा त्या चेंडूशी खेळतो, त्यावर उड्या मारतो आणि अखेर तो फोडून बसतो. मग खाली मान घालतो. दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी धाकट्याचे रूप ठरविताना एका सहकाऱ्याचे तान्हे मूल न्याहाळले होते. त्यांनी दिव्याच्या दांड्या आखूड केल्या, पण आतला बल्ब मात्र थोरल्याएवढाच ठेवला. बल्ब दुकानातून विकत आणावयाचा असतो, तो काही वाढत नाही!

चित्रपट संपण्यापूर्वीच प्रेक्षक उठून उभे राहिले. नंतर जिम ब्लिन हे ख्यातनाम चित्रगणितज्ञ लॅसेटर यांच्याकडे येऊ लागले. अवकाशयानांच्या प्रवासाची संगणकचित्रे करून त्यांनी मोठे नाव मिळविले होते. लॅसेटर मनातून घाबरले. एका दिव्याची सावली दुसऱ्यावर नेमकी कशी पाडली, त्याचे गणित आता हे विचारणार. आणि ते गणित तर त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक, त्यांना नव्हे. ब्लिन जवळ आले आणि त्यांनी विचारले, तो थोरला दिवा आई होता की बाप?

गणितज्ञाने गणित विचारले नाही, यापरते प्रशस्तिपत्रक कोणते असणार! पण लॅसेटर यांनी आपले गुपित खिशात घालून ठेवले नाही. पुढल्याच वर्षी, 1987 साली, अनाहाइम येथील सिग्राफमध्ये त्यांनी निबंध सादर केला. हाताने चित्रे काढणाऱ्या डिस्नेच्या जुन्या कलावंतांनी 1930 नंतरच्या वर्षांत जे नियम शोधले होते, ते संगणकावर कसे वापरावेत, हे त्यांनी त्यात उलगडून सांगितले. विटीदांडू खेळताना दांडू मारण्याआधी तुम्ही तो मागे नेता. उडी घेण्याआधी गुडघे वाकविता. ही पूर्वतयारी चित्रात दाखविली नाही, तर हालचाल खोटी वाटते. चेंडू आपटला की चपटा होतो, उसळला की लांबट होतो. दिवा तर पत्र्याचा, तो चपटा कसा होणार? म्हणून त्याचे सांधे मिटवावयाचे आणि ताणावयाचे. निबंधाबरोबर त्या उडीच्या आकृत्याही छापलेल्या आहेत. जमीन सोडण्याआधी धाकटा दिवा किती खाली वाकतो, ते त्यांत कोणालाही पाहता येते.