कॉम्प्युटरच का?

निकाल लागला की प्रश्न ठरलेला: ‘सर, कॉम्प्युटरला मिळेल ना? नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून भरू.’ विचारणारे वडील. मुलगा शेजारी गप्प. कोडिंगची खरी आवड असेल तर जरूर जा. पण भावकीतलं पोरगं हिंजवडीत आहे, एवढ्यावरच कर्ज काढून प्रवेश घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

मेडिकल, सीए, एमपीएससीबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, ते सोडतो. अहिल्यानगरकडच्या नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या शेडकडे मात्र कुणी बघत नाही. तिथल्या मालकाला मशीन कळतं. दोन-तीन सीएनसी लावून तो मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करतो. माल जातो, बिल जातं, पेमेंट महिनोन्‌महिने अडकतं. मासिक विवरणपत्र असेल तर त्या बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, पार्टी पैसे देवो न देवो. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट संपते, स्टीलवाला रोख मागतो, कामगारांचा पगार तोंडावर येतो. हातात ऑर्डरी असूनही धंदा बसतो तो असा.

कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तरी तक्रार होत नाही, कारण पुढची ऑर्डर जाण्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून तंट्याआधीचं काम जमणारा माणूस लागतो: जॉबची कॉस्टिंग नीट काढणारा, पर्चेस ऑर्डरमध्येच पेमेंटची मुदत लिहून घेणारा, मोठ्या खरेदीदाराचं बिल ‘ट्रेड्स’ या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर लावून पैसे लवकर सोडवणारा. मालक स्वतः मशीनवर, अकाउंटंट संध्याकाळी तासभर. मधली खुर्ची रिकामीच.

मेकॅनिकल डिप्लोमा करून कॉस्टिंग शिकलेला, किंवा बी.कॉम.सोबत सीएमए (कॉस्ट अकाउंटन्सी) करताना शॉपफ्लोअरवर उभा राहिलेला मुलगा तिथे बसू शकतो. मुलगीही, ‘एमआयडीसीत मुलगी कशाला’ हे माझ्यासमोर बोलू नका. हाताने काम करायची आवड असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमची माहिती दहावीनंतरच काढा. सुरुवातीला पगार कमी मिळेल, शेडमध्ये उकडेल. लग्नाच्या बाजारात ‘आयटीत आहे’ एवढं वजनही पडणार नाही. ज्यांना तेवढंच हवंय, त्यांनी माझा वेळ घेऊ नये.

बाकीच्यांनी पसंतीक्रम भरण्याआधी ओळखीच्या एखाद्या कारखानदाराकडे मुलाला दिवसभर बसवावं. पालकांनी गेटबाहेर थांबावं.