जास्वंदीचा लाल डाग

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत आम्ही जास्वंदीला ‘हिबिस्कस’ म्हणायचो आणि परीक्षेत तिची आकृती काढून मार्क मिळवायचो. घरी आई रोज सकाळी गणपतीला वाहते ते हेच फूल, हे मात्र डोक्यात कधी आलंच नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय आहे फुलांचे फोटो काढणे.

आम्ही भुसावळजवळ दीपनगरला, औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. दीपनगर म्हटलं की लोकांना उंच चिमण्या, कोळशाच्या वाघिणी आणि ५०० मेगावॅटचे दोन संच आठवतात. मला आठवतं आईचं अंगण. जास्वंद, मोगरा, अबोली, गुलबक्षी आणि कुंपणाच्या कडेने सदाफुली. पप्पा पुढच्या वर्षी रिटायर होणार, मग क्वार्टर सोडायची. मोगऱ्याची कुंडी टेम्पोत घालता येईल, पण माझ्याच वयाची जास्वंद कशी उचलणार? म्हटलं, निदान फोटोत तरी नेऊ. चुलतभावाचा जुना डीएसएलआर मिळाला, सोबत १८-५५ ची साधी लेन्स.

पहिले वीस-पंचवीस फोटो पाहून रडूच आलं. पानं छान, मागची भिंत छान, आणि मधोमध लाल रंगाचा एक डाग! पाकळीवरच्या शिरा नाहीत, घड्या नाहीत, काही नाही. आई म्हणाली, “हे आपलं फूल आहे का?” मी लेन्सला दोष दिला, मग उन्हाला. खरं उत्तर आमच्या ई अँड टीसीच्याच विषयात होतं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःहून रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवलेला असतो. चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. आता प्रत्येक पिक्सेल म्हणजे पावसात ठेवलेली एक वाटी समजा. वाटी भरली की त्यापुढचं पाणी सांडतं, किती सांडलं ते कळत नाही. लाल जास्वंदीकडून येतो तो जवळजवळ सगळा लालच उजेड. म्हणजे लाल वाट्या काठोकाठ भरून वाहतात, हिरव्या-निळ्या मात्र रिकाम्याच. शिरेचा गडद लाल आणि पाकळीचा उजळ लाल, दोन्ही ‘फुल्ल’. मग फरक दिसणार कुठून?

गंमत अशी की साधा हिस्टोग्राम हे लपवतो. उजेडाची बेरीज करण्याचं जे सूत्र रंगीत टीव्हीपासून चालत आलंय, त्यात हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं. लाल पूर्ण भरला तरी आलेख म्हणतो, अजून भरपूर जागा आहे! म्हणून मेनूत जाऊन तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर कमी करा. मी जास्वंदीला उणे एक ठेवते, म्हणजे नेमका निम्मा उजेड. फोटो आधी काळपट वाटतो, पण शिरा शाबूत असतात, नंतर उजळवता येतात. पळस, काटेसावर, गुलमोहर, सगळ्यांना हाच नियम. मोगऱ्याचं उलट आहे. फ्रेममध्ये सगळं पांढरं दिसलं की मीटर त्याला करडं करायला बघतो, म्हणून तिथे थोडं वाढवायचं.

मोबाईलवाल्यांनी नाराज होऊ नये. फुलावर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये छोटा सूर्य दिसतो, तो खाली ओढा. तेच काम होतं.

दुसरं गणित फोकसचं. जितकं जवळ जाल तितका स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ. माझ्या लेन्सने सदाफुलीच्या शक्य तितकं जवळ जाऊन एफ ५.६ ला फोटो काढला, तर हिशोबाने हा पट्टा जेमतेम अडीच मिलिमीटर येतो. एफ ११ ला पाचच्या आसपास. श्वास घेतला तरी फोकस गेला! अख्खी जास्वंद फ्रेममध्ये बसवायला लांब उभं राहिलं तरी तो दीड सेंटिमीटरच्या आसपासच, आणि तिचा मधला दांडा सहा-सात सेंटिमीटर पुढे आलेला. समोरून काढलं तर टोक स्पष्ट आणि पाकळ्या धूसर, नाहीतर उलटं. उपाय सोपा होता, पण मला सुचायला महिना लागला: बाजूने काढा. दांडा सेन्सरला समांतर आला की मुळापासून टोकापर्यंत सगळा एकदम स्पष्ट.

त्या बाजूच्या फोटोत मी पहिल्यांदा नीट पाहिलं, की पुंकेसर एकमेकांना जुळून नळी झालेली आहे आणि टोकाला पाच मखमली ठिपके आहेत. ऑगस्टमध्ये वरणगाव रस्त्याच्या शेतात कपाशीच्या फुलात वाकून बघते, तर तीच नळी! कपाशी, भेंडी, जास्वंद एकाच कुळातल्या आहेत. शाळेत हे पाठ केलं होतं, पटलं मात्र त्या शेतात. कपाशीचं फूल जरूर काढा. पहिल्या दिवशी फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी. मी झाडाला दोरा बांधून दोन्ही दिवस एकाच फुलाचा फोटो काढला. शेतवाले काका म्हणाले, “हे आम्ही रोज पाहतो, त्याचा फोटो काय काढू राहिली?”

वेळ म्हणाल तर आपल्या खानदेशात उन्हाळ्यात आठनंतर नाद सोडा. उजेड कडक होतो आणि आपणही भाजतो. गुलबक्षी मात्र दुपार कलल्यावरच उमलते. वारा असेल तर शटर १/२५० च्या वर ठेवा. आणि फूल तोडून सावलीत आणू नका. मी एकदा आणलं होतं. आई म्हणाली, “देवालासुद्धा मी सगळी तोडत नाही.” त्यावर काय बोलणार?

पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकर यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे २००१ चं पुस्तक मिळालं तर पाहा. व्यवसायाने ते इंजिनिअर, फुलं हा छंद, आणि काळ रोलचा, म्हणजे काढलेला फोटो रोल धुऊन आल्यावरच दिसणार! आपण एका जास्वंदीवर दोनशे फोटो उडवतो. सह्याद्रीत कास आहे, ते २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पालच्या बाजूला सातपुड्यात पळस फुलतो, त्याला तिकीटही नाही.

थोडं विषयांतर. कॉलेजला जाताना गाडी भादली स्टेशनावरून जाते. ‘फुलराणी’ लिहिणारे बालकवी १९१८ साली तिथेच रेल्वेखाली गेले, वय अवघं सत्तावीस. ते जन्मले धरणगावला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. मला हे सेकंड इयरला कळलं, तेही डब्यातल्या एका आजोबांकडून. वर्ड्सवर्थचे डॅफोडिल्स मात्र पाचवीपासून तोंडपाठ! असो.

गेल्या रविवारी जास्वंदीचा जमलेला फोटो काढला. नाईट शिफ्ट करून पप्पा सातला घरी आले होते. सावलीची बाजू फार काळी येत होती, म्हणून मी त्यांच्या हातात टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल दिला आणि म्हटलं, उजेड पाकळीवर पाडा. डबा हातात तसाच, पप्पा दहा मिनिटं वाकून उभे. इतक्या वर्षांत त्यांनी हे फूल एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं, असं तेच म्हणाले. आईने तेलाच्या डब्यांत पाच फांद्या लावल्यात, त्यातल्या तीन धरल्या आहेत. आता पप्पा रोज शिफ्टहून आले की आधी डबे बघतात आणि मग मला उठवतात, “चल, उजेड चांगला आहे.”