गियरबॉक्सला रंग द्यावा का?

मित्रहो, व्हायव्हाला हा प्रश्न कोणी विचारणार नाही, पण गॅरेजमध्ये उभे राहिलात तर हमखास विचारतील. सुट्टीत मी रत्नागिरीच्या एका गॅरेजमध्ये कामाला होतो. तिथे मासळीचा एक ट्रक आला होता. मालकच ड्रायव्हर. बर्फात भरलेली मासळी घेऊन आंबा घाट चढायचा, कोल्हापूरला उतरवायची आणि रातोरात परत. बर्फ वितळला की खारट पाणी फळ्यांमधून खाली ठिबकते, ते थेट गियरबॉक्सवर. बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी साचली होती आणि ती खरवडली तर खाली खड्डे. मालकाचे म्हणणे, "रंग मारून टाका." मिस्त्रींचे म्हणणे, "रंग मारला की उष्णता कोंडते, गियरबॉक्स तापतो." गाडीचे हप्ते चालू असताना नवीन हाउसिंगचा खर्च कोणालाच परवडणारा नव्हता. वाद ऐकून मी हीट ट्रान्सफरची वही उघडली.

आधी एक खुलासा. ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट आणि मागच्या ॲक्सलचे हाउसिंग साधारणपणे लोखंड-पोलादाचे असते. त्यांना रंग हवाच, त्यात वाद नाही. प्रश्न आहे तो ॲल्युमिनियमच्या गियरबॉक्स हाउसिंगचा आणि क्लचच्या बेल हाउसिंगचा.

रंगाने गियरबॉक्स तापतो का?

प्रायमर धरून रंगाचा थर ०.१ मिलिमीटर समजू. रंगाची उष्णतावाहकता साधारण ०.२ वॅट प्रति मीटर केल्व्हिन. म्हणजे एका चौरस मीटरला रोध झाला ०.०००५. आता हाउसिंगभोवतालच्या हवेचा रोध बघा. गाडी चालू असताना हवेचा गुणांक २५ धरला तरी रोध येतो ०.०४, म्हणजे रंगाच्या ८० पट! उष्णता अडते ती हवेपाशी, रंगापाशी नाही. आणि हाउसिंगवर साचलेला सुका चिखल? ५ मिलिमीटरचा थर आणि वाहकता ०.५ धरली तर रोध ०.०१, म्हणजे रंगाच्या २० पट. मिस्त्रींची काळजी खरी होती, फक्त आरोपी चुकीचा पकडला होता.

उलट गंमत अशी की स्वच्छ उघडे ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्सर्जन फार कमी करते. रंगवलेला पृष्ठभाग ते सुमारे ०.९ या उत्सर्जकतेने करतो, मग रंग काळा असो वा पांढरा. त्यामुळे घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना रंगवलेले हाउसिंग थोडे जास्तच उष्णता टाकते. अर्थात धूळ आणि तेलाने माखलेल्या हाउसिंगची उत्सर्जकता आधीच वाढलेली असते, तेव्हा 'रंगाने गियरबॉक्स थंड होतो' अशी जाहिरात करायला जाऊ नका.

मग ॲल्युमिनियम गंजते का?

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याचा रेनकोट. कोरड्या भागात हा रेनकोट पुरतो. पण मिठातला क्लोराइड त्याला भोके पाडतो. शिवाय पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. धुलाईत कॉस्टिक सोडा वापरला तर तो ऑक्साइडही खातो आणि धातूही. आपल्या मेसचा ॲल्युमिनियमचा टोप धुण्याच्या सोड्याने घासल्यावर काळा का पडतो, ते आठवा.

आता खरी मेख. समजा आपण फक्त ॲल्युमिनियम रंगवले आणि पोलादी ब्रॅकेट-बोल्ट उघडे ठेवले. रंगाला एका ठिकाणी ओरखडा पडला की त्या बॅटरीचा सगळा मारा तेवढ्याच ठिपक्यावर येतो आणि तिथे खोल खड्डा पडतो. म्हणून रंगवायचे तर दोन्ही धातू रंगवा. एकच रंगवणार असाल तर पोलाद रंगवा! हे ऐकायला उलटे वाटते, पण गंजशास्त्र तेच सांगते. तेलकट पृष्ठभागावर फासलेला रंग तर त्याहून वाईट. त्याच्याखाली पाणी शिरते, आतल्या आत भुकटी होत राहते आणि वरून सगळे छान दिसते.

करायचे तर असे करा

१. आधी गळती थांबवा. तेल झिरपत असेल तर कोणताही रंग धरणार नाही.
२. ॲल्युमिनियमला चालणारा डिग्रीझर वापरा, कॉस्टिक नको. नंतर भरपूर साधे पाणी, आणि पूर्ण वाळवा.
३. पॉलिश पेपरने खरखरीत करा. लोखंडी तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण धातूत रुतून बसतात.
४. त्याच दिवशी एच प्रायमर किंवा ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर मारा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, इथे तो धड धरत नाही.
५. ब्रीदर, ऑइल सील, गास्केटच्या कडा, अर्थिंगची जागा आणि बोल्ट बसतात त्या जागा मास्किंग टेपने झाका. ब्रीदर बुजला तर आत दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येईल. बोल्टखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट सैल पडतो.
६. वरचा रंग फिकट घ्या. तेलाची गळती आणि तडा लवकर दिसतो.

निष्कर्ष

कोरड्या भागातला ट्रक असेल तर ॲल्युमिनियम उघडेच ठेवा आणि चिखल मात्र नियमित धुवा. मासळीचा, मिठाचा किंवा किनारपट्टीवरचा ट्रक असेल तर रंग द्या, पण वरची सहाही कामे होणार असतील तरच. एक दिवस गाडी उभी ठेवायची मालकाची तयारी नसेल, तर अर्धवट रंगापेक्षा दर फेरीनंतर गोड्या पाण्याची धार आणि फळ्यांखाली पाणी बाजूला नेणारा एक साधा पत्रा जास्त उपयोगाचा. पत्र्याला रंग द्यायला विसरू नका, तो लोखंडी आहे!