लघुपेशी फुप्फुस-कर्करोग : प्रगत अवस्थेतील रुग्णांचे भवितव्य

फुप्फुसाच्या कर्करोगाचे, त्यातील पेशींच्या स्वरूपावरून, दोन मुख्य प्रकार मानले जातात. त्यांपैकी लघुपेशी किंवा ‘स्मॉल सेल’ प्रकार शंभरातील सुमारे १५ रुग्णांत आढळतो. प्रमाण थोडे असले तरी त्याची वाढ अत्यंत वेगाने होते. बहुतेक रुग्ण दीर्घकाळ धूम्रपान केलेले असतात. निदानाच्या वेळीच तीनांपैकी दोघांत रोग यकृत, हाडे, मेंदू अशा दूरच्या अवयवांपर्यंत पसरलेला असतो. हीच त्याची प्रगत अवस्था होय.

विलंबाचे कारण

खोकला, थुंकीतून रक्त, वजनातील घट ही लक्षणे क्षयरोगाचीही आहेत. त्यामुळे आपल्या देशात अनेकदा प्रथम क्षयाचेच उपचार सुरू होतात. थुंकीत क्षयाचे जंतू न आढळल्यास आणि औषधांनी उतार न पडल्यास पुढील तपासणी तातडीने व्हावयास हवी. ह्या रोगात काही आठवड्यांचा विलंबही महाग पडतो.

उपचार आणि त्यांची मर्यादा

प्रगत अवस्थेत शस्त्रक्रिया सहसा उपयोगी पडत नाही. इटोपोसाइडसह सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन ही औषधे दिली जातात. शंभरांपैकी साठ किंवा अधिक रुग्णांत गाठी आकसतात, धाप कमी होते. कुटुंबास रोग बरा झाल्यासारखे वाटते. परंतु बहुतेकांत तो काही महिन्यांतच उलटतो. ही गोष्ट आप्तांना आरंभीच समजावून सांगणे आवश्यक आहे.

आकड्यांचा अर्थ

उपचारांविना रुग्ण बहुधा दोन ते चार महिने जगतो. रसायनोपचारांनी हा काळ सुमारे दहा महिन्यांपर्यंत वाढतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅटेझोलिझुमॅब ह्या प्रतिकारशक्तिवर्धक औषधाची जोड दिल्यावर तो १०.३ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेला. ड्युर्व्हालुमॅबच्या चाचणीत तीन वर्षांनंतर शंभरांपैकी सुमारे १७ रुग्ण हयात होते. केवळ रसायनोपचार घेणाऱ्यांत सुमारे ६. रोग उलटल्यावर देण्यात येणाऱ्या टार्लाटामॅब ह्या औषधास अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र नवी औषधे खर्चिक आहेत.

हे महिन्यांचे आकडे ‘मध्यक’ आहेत. अर्धे रुग्ण त्याआधी दगावतात, अर्धे त्याहून अधिक जगतात. मध्यकावरून एका माणसाचा दिवस ठरविता येत नाही. रुग्णाची ताकद, वजनातील घट, मेंदूतील प्रसार यांवर बरेच अवलंबून असते. तथापि पूर्ण बरे होण्याची आशा दाखवून शेत विकावयास लावणाऱ्या भोंदूंपासून कुटुंबास सावध करणे हेही आपले कर्तव्य ठरते.

गावाने काय करावे?

वेदनाशमन आणि परिहारक उपचार हे अखेरचे पाऊल नसून निदानापासूनच सुरू करावयाचे उपचार आहेत. मॉर्फिन मिळण्यातील अडचणी दूर करण्यासाठी केंद्र शासनाने २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती केली. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी अशा कुटुंबांना शासकीय आरोग्य योजनांची कागदपत्रे वेळेवर मिळवून द्यावीत. शिक्षकांनी शाळेत विडी-सिगारेटच्या दुष्परिणामांची माहिती द्यावी.

प्रगत अवस्थेतील रुग्णाचा काळ मर्यादित असतो. तो वेदनारहित आणि आपल्या माणसांत जावा, एवढे तरी गावाच्या हाती निश्चितच आहे.