आईवडिलांचा आधार : देणे आणि घेणे



1982 च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चाळींच्या जागी टॉवर आले. परळ-लालबागची कित्येक मुले संसारासाठी विरार, डोंबिवलीला गेली. आईवडील जुन्या खोलीतच राहिले. आपण पैसे पाठवतो, औषधे आणून देतो. तरी ते उदास का असतात?

2007 च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. पण 'आपण अजून कोणाच्या उपयोगी पडतो' हे समाधान कायदा देऊ शकत नाही. नुसते घेत राहिले की माणसाला आपण ओझे झालो असे वाटू लागते.

मार्कच्या शुभवर्तमानात (1:29-31) शिमोनाची सासू तापाने पडलेली आहे. प्रभू येशू तिला हात धरून उठवतो. ताप जातो आणि ती त्यांची सेवा करू लागते. प्रभूने तिला बरे केलेच, शिवाय घरातले तिचे स्थानही परत दिले.

आपण काय करू या?

1. भेटायला जाताना मुलांना नेऊ. आजीकडून प्रार्थना आणि आजोबांकडून गिरणीच्या गोष्टी त्यांना शिकू-ऐकू देऊ.

2. चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदावर सही मागण्याआधी त्यांचे मत विचारू.

3. त्यांनी प्रेमाने दिलेला डबा नाकारू नये. मात्र नातवंडे सांभाळण्याचा भार त्यांच्यावर लादूही नये.

चिंतनासाठी : गेल्या महिन्यात आपण आईवडिलांना काय दिले, ते आपल्याला आठवते. त्यांच्याकडे सल्ला कधी मागितला?