रमाबाईंना कंटाळा येत नसेल का?

प्रश्न : मी आमच्या मंडळीत 14 वर्षं रविवारची शाळा घेते आहे. सुरुवातीला आम्ही सहा जण होतो. कुणाचं लग्न झालं, कुणी नोकरीसाठी पुण्याला गेलं, एकाचं पंचकमिटीशी वाजलं आणि त्यानं मंडळीच बदलली. आता मी एकटी उरले. मुलं बदलतात, गोष्टी त्याच. खरं सांगायचं तर शनिवारी रात्री तयारीला बसायचं जिवावर येतं. मागच्या महिन्यात आम्ही केडगावचं मुक्ती मिशन पाहून आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पंडिता रमाबाईंना कधी कंटाळा येत नसेल का? इतकी वर्षं त्या टिकल्या कशा? की आमचाच विश्वास उणा?
— एक वाचक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी मिटवून टाकू. विश्वास उणा असता तर शाळा केव्हाच बंद पडली असती आणि शनिवारी रात्री तुम्ही निवांत झोपला असतात. कंटाळ्याचा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण तो सहसा कुणी विचारत नाही. थोर माणसांच्या चरित्रात बाप्तिस्मा येतो, दुष्काळ येतो, समाजाचा रोष येतो, शेवटी मृत्यू येतो. साधा मंगळवार कुठे येत नाही. आणि सेवा करणाऱ्याला मारतो तो मंगळवारच.

रमाबाईंच्या आयुष्यात असे मंगळवार भरपूर होते. त्यातले बरेचसे एका टेबलाशी गेले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि ते सुमारे 18 वर्षं चाललं. सुरुवात केली तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या आसपास होत्या. त्या वयात या दोन्ही भाषा पक्क्या करायच्या, वर मुक्ती सदनाचा संसार. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे होत्या. त्यांचं जेवणखाण, आजारपण, शेती, विहिरी, शाळा हे सगळं बघून मग भाषांतर. त्यात रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि वयाबरोबर ते वाढतच गेलं.

हा खटाटोप कशासाठी? तर प्रचलित मराठी बायबलची भाषा सदनातल्या साध्या बायकांना पेलत नव्हती, म्हणून. संस्कृत शब्दांची गर्दी होती, आणि त्यातल्या कित्येक शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचा वास होता. ते शब्द वेचून बाहेर काढायला बसल्या कोण, तर 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, ती बाई! ज्या विद्येवर नाव झालं तीच बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसायचं. माझ्या मते त्यांच्या शिष्यत्वाची खरी कसोटी इथे आहे. बाप्तिस्म्याच्या प्रसंगाइतकी ती नजरेत भरत नाही, एवढंच.

छपाईही केडगावलाच. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवायला मुली शिकल्या. छापखान्याचं काम ज्यानं जवळून पाहिलंय त्याला ठाऊक आहे की तिथे उत्साहाला फारसा भाव नसतो. आजचं पान जुळलं का, मुद्रित तपासलं का, चुकीचा खिळा बदलला का, एवढंच तिथे विचारतात. तुमच्या ‘टिकल्या कशा’चं निम्मं उत्तर मला या छापखान्यात सापडतं. 18 वर्षांचं काम समोर ठेवलं तर कुणाचीही छाती दडपेल. रमाबाईंसमोर रोज येत होत्या त्या चार-दोन ओव्या आणि एक ओलं मुद्रित. कंटाळा आला असेलच, का नाही येणार? पण हातातलं मुद्रित तपासून द्यायचं असलं की कंटाळ्याला रांगेत मागे उभं राहावं लागतं.

1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी आणि संस्थेतला उजवा हात. त्यानंतरही टेबल सुटलं नाही. पुढच्या एप्रिलच्या 5 तारखेला, म्हणजे 1922 साली, रमाबाई गेल्या. त्याच्या थोडंच आधी काम हातावेगळं झालं होतं. ग्रंथ बाहेर आला 1924 मध्ये. त्यांनी तो पाहिला नाही.

आता एक कडू गोष्ट, जी केडगावच्या सहलीत सहसा सांगत नाहीत. तुमच्या मंडळीत व्यासपीठावर कोणतं बायबल आहे? बायबल सोसायटीचंच असणार. रमाबाईंचं भाषांतर मंडळ्यांमध्ये रुजलं नाही. मुळाला शब्दशः चिकटण्याच्या आग्रहानं ते जागोजागी ताठर झालं आहे. मी वाचायला घेतलं तेव्हा मलाही ठेचा लागल्या. मग 18 वर्षं वाया गेली का? मला तसं म्हणवत नाही, पण ‘नाही’ असं ठामपणे म्हणून तुमची समजूतही काढवत नाही. एवढं खरं की मंडळ्या आपलं भाषांतर स्वीकारतील की नाही, या हिशोबावर त्यांनी रोजची बैठक टांगून ठेवली नव्हती.

आणखी एक. टिकणं म्हणजे पहिल्या दिवशी होतो तसंच शेवटपर्यंत राहणं, असा आपला समज असतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की धर्म तेव्हा मिळाला, पण ख्रिस्त सापडायला पुढची आठेक वर्षं गेली. मधल्या काळात इंग्लंडच्या धर्मभगिनींशी सिद्धान्तांवरून पत्रांतून खटके उडत होते. कामही बदलत गेलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. मग ते पुण्यात आलं, तिथे धर्मांतराच्या वादात सल्लागार मंडळ बाजूला झालं, पालकांनी मुली काढून नेल्या. मग केडगाव, आणि दुष्काळानं आणलेली सगळ्या जातींची लेकरं. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी आखलं असतं तर पुण्यातच मोडून पडल्या असत्या.

तुमच्याकडे नगर जिल्ह्यात रेव्हरंड टिळकांचं नाव घेतल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुरी होत नाही, तेव्हा तेही घेतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील अशी त्यांची कल्पना. दोन वर्षांत ते वारले. कमिटीच्या मिनिटबुकात बघाल तर हा गृहस्थ सोडून गेला. त्याची भजनं म्हणायला बसाल तर अजून गेलेला नाही. संस्था सोडणं आणि सेवा सोडणं यांत आपण फार घोळ घालतो. तुमच्या त्या मंडळी बदललेल्या सहकाऱ्याचा विचार करताना हे जरा ध्यानात असू द्या.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट, खरं म्हणजे नुकतंच सुरू झालेलं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर जी बाई जवळजवळ पाच वर्षं त्याच्यापासून लांब राहिली, सोवळंओवळं घेऊनच परत आली, आणि कुणी ढकललं म्हणून नव्हे तर स्वतःच्या विचारानं जात सोडून 1900 साली ख्रिस्ती झाली, तीच ही बाई. शाळा अशी पाहिलेली नाही. पण विधवा झाल्यावर तिनं नवऱ्याचं महाकाव्य हातात घेतलं आणि बहुतेक सगळं तिनंच रचलं. तिची ‘स्मृतिचित्रे’ही पुरी झाली नाहीत, शेवटचं तिच्या मुलानं, देवदत्तानं लिहिलं. त्या घरात एकानं मांडायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, असंच चाललं. कोण टिकलं म्हणायचं यात?

तुमच्या कंटाळ्यावर औषधही सांगतो, पण ते माझं नाही. एलीयाची गोष्ट तुम्ही मुलांना निदान दहा वेळा सांगितली असेल. कर्मेल डोंगरावर अग्नी पडला, सगळे थक्क झाले, तिथवर आपण रंगून सांगतो. दुसऱ्याच अध्यायात हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि तो भाग आपण उरकून टाकतो. देवानं त्याला तिथे काय दिलं? उपदेश नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन तो पुन्हा झोपला, तर पुन्हा भाकर. बोलणं पुढे चाळीस दिवसांनी. आपल्या मंडळ्यांमध्ये थकलेल्या माणसाला आधी उपासप्रार्थनेला बसवतात, हे मला कधीच पटलेलं नाही. आधी दोन रविवार रजा घ्या. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, अपराध्यासारखं तोंड करू नका. त्यांच्या घरात कुणीतरी गोष्ट सांगणारं असेलच.

आणि एलीयाची दुसरी तक्रार तुमचीच आहे : मी एकटाच उरलो. त्यावर त्याला सात हजारांचा आकडा मिळाला. तुम्हाला तेवढे लागणार नाहीत. 14 वर्षांपूर्वी तुमच्यासमोर सतरंजीवर बसलेलं सात-आठ वर्षांचं पोर आज बावीसचं असेल. त्यातलं एखादं अजून मंडळीत येत असेल, मागे उभं राहून मोबाइल बघत असेल. रजेवरून आलात की त्याला म्हणा, येत्या रविवारी गोष्ट तू सांग. हवी ती सांग. तुम्ही मुलांच्या मागे सतरंजीवर बसा. तो दाविदाच्या हातात गोफणीऐवजी धनुष्यबाण देईल, खड्ड्यात टाकलेल्या योसेफाला सिंहांच्या गुहेत नेऊन ठेवील. मधे बोलू नका. मुलं त्याला दुरुस्त करतीलच, आणि ती कशी करतात ते मला पुढच्या पत्रात कळवा.