लर्निंग लायसन्सवर दुचाकीचा विमा

प्रश्न : माझं वय १९. लर्निंग लायसन्स नुकतंच मिळालं आहे. मामांची जुनी १२५ सीसी मोटारसायकल माझ्या नावावर होते आहे. पक्कं लायसन्स येईपर्यंत विमा थांबवावा का?

उत्तर : अजिबात थांबवू नका. विमा गाडीचा निघतो. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, चालवणारा नवशिका आहे म्हणून तो वाढत नाही. विम्याविना रस्त्यावर सापडलात तर पहिल्याच वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

खरी मेख पुढे आहे. दुचाकीच्या पॉलिसीतल्या चालकाच्या अटीत लर्निंग लायसन्सवाला चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळला असेल तरच : पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा आणि मागे दुसरं कोणी नाही. मित्राला मागे बसवून कॉलेजला निघालात आणि धडकलात, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात संरक्षणालाही हीच अट आहे, आणि नेमकं हेच कुणी वाचत नाही.

मामांची पॉलिसी चालू असेल, तर विक्रीनंतर १४ दिवसांत ती तुमच्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. आरसी बदलली, विमा मामांच्याच नावावर राहिला, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात.

लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते. ती संपण्याआधी चाचणी द्या.